वाळक्या काड्यांचा पाहुणचार

घरात कसला तरी वास येत होता, आणि पहिला संशय अर्थातच घरातल्या सर्वांत लहान माणसावर गेला. आठ महिन्यांच्या पिल्लाला सूनबाईने हुंगलं, धुतलं, पुन्हा हुंगलं. पिल्लू निर्दोष सुटलं. वास मात्र जागचा हलेना.

सासूबाईंनी अख्खा फ्रिज रिकामा केला. नवऱ्याने सासऱ्यांचे बूट उचलून गॅलरीत नेऊन ठेवले.

"चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली," सासरे म्हणाले, "पण माझ्या बुटांकडे बोट दाखवायची कुणाची छाती झाली नाही."

"बोट नाही बाबा, नाक," नवरा म्हणाला.

सूनबाईचा जीव टांगणीला लागला होता तो वेगळ्याच कारणाने. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, अकरा वाजता कोपऱ्यावरच्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाई येणार होत्या, दिवाणखान्यातली उंच चिनी मातीची बरणी न्यायला. बरणीत होत्या वाळक्या काड्या. थंडीत बाबागाडी ढकलता ढकलता तिने मागच्या मोकळ्या जागेतून एकेक वेचलेल्या: गवताचे पिंगट तुरे, काटेरी बोंडं, बिया सांडून बसलेल्या कागदी शेंगा. पिल्लू झोपलं की ती त्यांच्यात रमायची. ग्रंथपालबाई म्हणाल्या होत्या, "आमच्या खिडकीत हेच ठेवू. तुमच्या हातात कला आहे हो!" आठ महिन्यांत बाळाचं वजन आणि बाळाची झोप सोडून तिच्याशी कुणी तिसरं काही बोललं नव्हतं.

आणि अशा घरात त्या येणार, नाकाला रुमाल लावून!

शेवटी प्लंबरला बोलावलं. त्याने सिंकखालचा पाइप सोडवला, तशी स्वयंपाकघरात घोटाभर पाणी झालं. सासूबाई स्टुलावर चढल्या आणि तिथूनच सूचना देऊ लागल्या. प्लंबरने मात्र नाक वर करून हवेचा माग काढला, दिवाणखान्यात गेला आणि बरणीत डोकावला.

"ताई, पाइप तुमचा चकाचक आहे. डबकं इथं आहे."

बरणीत हिरवं पाणी. देठ बुळबुळीत, तुऱ्यांना पांढरी बुरशी.

"यात पाणी घालतं कोण?"

सूनबाईने विचारलं आणि एकेकाकडे पाहिलं.

"मी आपली रोज पेलाभर," स्टुलावरून आवाज आला. "म्हटलं, पोरीला बाळापायी झाडाकडे बघायला वेळ होत नाही. बोलले असते तर तुला लागलं असतं गं."

सासरे खाकरले. "मी फक्त खत. चिमूटभर. सकाळ-संध्याकाळ, सातच्या ठोक्याला."

सगळ्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"ऑफिसच्या बाटलीत उरायचं थोडं," तो पुटपुटला. "म्हटलं एखादं पान फुटलं तर तू खूश होशील."

सूनबाईला रडू आणि हसू एकदमच आलं, आणि दोघांची चेंगराचेंगरी होऊन उचकी लागली. "अहो आई, ते मेलेलं नव्हतं, वाळलेलं होतं!"

"त्यात फरक तो काय?"

वर काठाशी अडकून कोरडी राहिलेली एक शेंग तिने उचलली आणि खिडकीच्या उन्हात धरली. शेंगेतला पातळ पडदा चांदीसारखा लखलखला. पिल्लू दोन्ही हात पसरून झेपावलं.

"अगंबाई!" सासूबाई पाण्यातून चालत जवळ आल्या. बराच वेळ बघत राहिल्या. "किती वाजता येणार म्हणालीस त्या?"

सकाळी आठला सगळं घर मोकळ्या जागेत. नवऱ्याने केरसुणीला शोभतील अशा काड्या आणल्या, सासऱ्यांनी एकाच मापाच्या बारा. सासूबाईंनी दोघांनाही मोडीत काढलं.

"ती नको, तिची मान फार ताठ आहे. ही घे. जराशी लाजलीय बघ."

घरी येऊन त्यांनी घासलेली बरणी स्वतःच्या पुढ्यात ओढली. सूनबाई एक काडी खोचायची, सासूबाई ती उपसून दोन बोटं डावीकडे खोचायच्या. आणि जिवाला लागणारी गोष्ट म्हणजे, ती डावीकडेच छान दिसायची.

दुपारी वाचनालयाच्या खिडकीशी माणसं थबकू लागली. चष्मा वर सरकवत एक आजोबा म्हणाले, "वा! कुणी केलं हे?"

सूनबाईने बाबागाडीला ब्रेक लावला, केस नीट केले, पुढे सरकली आणि तोंड उघडलं.

"काही अवघड नसतं हो," सासूबाई केव्हाच पुढे पोचल्या होत्या. "वाळलेल्यातलं सौंदर्य दिसायला डोळे लागतात, एवढंच. आणि ही माझी सून. मदतीला असते माझ्या. शिकेल हळूहळू."