हेर्लेकर सरांची हिरवी वाळू

आमच्या शेजारच्या हेर्लेकर सरांना "सर, आज तब्येत चांगली दिसते तुमची" असं म्हणायची गल्लीत कुणाची छाती होत नाही. म्हटलं की संपलं. सर जागेवर थांबणार, चष्मा कपाळावर चढवणार आणि विचारणार, "कशावरून?"

मग आपण सांगत बसायचं. तोंडावर तेज दिसतंय म्हणावं, तर ते म्हणणार, "ते उन्हाचं असेल." चाल बरी वाटतेय म्हणावं, तर "कालची चाल बघितली होती का? मग तुलना कशाशी?" शेवटी आपलीच तब्येत बिघडते आणि आपण घरी येतो.

शाहूपुरीच्या कोपऱ्यावर शेवंताबाई भाजी घेऊन बसते. तिच्यापुढं मात्र सरांची डाळ शिजत नाही. एकदा ती म्हणाली, "वांगी ताजी हायत, सर."

"कशावरून?"

"तुमच्यापरीस ताजी हायत, येवढ्यावरनं. घेणार हायसा का म्होरं जातासा?"

सरांनी वांगी घेतली. घरी जायच्या आधी माझ्या दारात थांबून म्हणाले, "मिस्त्री, बाईचं उत्तर तर्कशुद्ध होतं. तुलनेला आधार होता." आणि आठवडाभर वांगीच खाल्ली.

माझ्या नातीला बघायला पावणे आलेले, तेव्हाही हा माणूस आमच्याकडं चहाला बसलेला. मुलाचा चुलता मिशीला पीळ देऊन म्हणाला, "पोरगं एकदम निर्व्यसनी." लगेच कोपऱ्यातनं आवाज आला, "कशावरून?" सगळी बैठक गार पडली. माझ्या सुनेनं कपाळाला हात लावला. चुलता लालबुंद. तेवढ्यात पोरगंच खाली बघून म्हणालं, "कधीमधी तंबाखूचा मावा खातो." मी तिथंच पोरगी दिली. जो भर बैठकीत खरं बोलतो त्याचा मावा सोडवता येतो. सोडवला पण.

आता मी कोण ते सांगतो. मी चौथीपर्यंत शिकलो. पुढं शाळेनं मला बोलावलं नाही आणि मीही तिच्या मागं लागलो नाही. शिरोलीच्या एका फौंड्रीत वाळूचे साचे घालण्यात जन्म गेला. साच्यात लोखंडाचा रस ओतायचा, गार झाला की साचा फोडायचा, आतनं वस्तू निघते. त्याला ओतकाम म्हणतात. माझ्या हातचा माल कधी परत आला नाही. हे मी विचारलं तर सांगतो आणि नाही विचारलं तरी सांगतो.

सर इंजिनिअरिंग कॉलेजात हेच ओतकाम शिकवतात. तिथं त्यांची भट्टी आणि वाळूसकट एक ओतशाळा आहे. म्हणजे मी आयुष्यभर जे केलं, ते त्यांनी आयुष्यभर फळ्यावर काढलं. दोघांत शहाणा कोण, हा वाद आमच्या कट्ट्यावर वीस वर्षं चालू आहे. निकाल लागू नये अशी दोघांचीही इच्छा आहे, कारण मग संध्याकाळी करायचं काय?

कुणाला वाटेल असला माणूस नव्या यंत्रांच्या नावानं बोटं मोडत असेल. अजिबात नाही. मोबाईलवर प्रश्न विचारला की उत्तर लिहून देणारं ते नवीन यंत्र निघालं, तेव्हा गल्लीत सगळ्यात आधी ते सरांनी घेतलं. पहिले चार दिवस आनंदात होते. पाचव्या दिवशी तोंड पाडून कट्ट्यावर आले.

"काय झालं?"

"मिस्त्री, ते भांडतच नाही हो. मी 'कशावरून' विचारलं की लगेच माफी मागतं. 'आपलं बरोबर आहे, माझी चूक झाली' म्हणतं. खरं तर त्याचंच बरोबर होतं. मी मुद्दाम विचारलेलं."

"मग चांगलं हाय की. गुणाचं हाय."

"गुणाचं आहे, पण कोल्हापुरात टिकायचं नाही."

असं सगळं हसतखेळत चाललेलं. आणि मग ती हिरवी वाळू आली.

झालं असं, की कॉलेजात ठरलं, पोरांनी मराठीतनंही लिहावं. सरांनी घरून लिहून आणायला दिलं, 'ओतकामाच्या वाळूचे गुण'. आता इंग्रजीत आमच्या ओल्या वाळूला 'ग्रीन सॅण्ड' म्हणतात. ग्रीन म्हणजे इथं हिरवी नव्हे, कच्ची, ओली, न भाजलेली. दिसायला ती काळीकुट्ट असते, भट्टीच्या काजळीसारखी. पोरांनी काय केलं, प्रश्न यंत्राला घातला, उत्तर इंग्रजीत घेतलं आणि त्याच यंत्राकडनं मराठी करून घेतलं. साठ पोरांची साठ उत्तरं कॉलेजच्या पोर्टलवर जमा झाली. साठही जणांनी लिहिलेलं, 'ओतकामासाठी उत्तम प्रतीची हिरवी वाळू वापरावी.' एकानं तर पुढं लिहिलं होतं की हिरवा रंग जितका गडद तितकी वाळू चांगली. चित्रही जोडलं होतं. वाळूचा ढीग, पोपटासारखा.

सर ते घेऊन माझ्याकडं आले. हसत नव्हते.

"मिस्त्री, तुम्ही कधी हिरवी वाळू बघितलीत?"

"चाळीस वर्षं काळी बघितली. हिरवी बघितली असती तर आमच्या शेठनं ती मिठाईत घालून विकली असती."

मी हसलो, पण सर खुर्चीत बसले ते बसलेच. मग खरी गोष्ट बाहेर आली. प्राचार्य मॅडमनी त्यांना बोलावलं होतं. मॅडम वाईट नाहीत, वयानं लहान, कामाला वाघीण. त्या म्हणाल्या होत्या, "सर, पोरं तुमच्या ओतशाळेत फिरकत नाहीत. विषय व्हिडिओवर शिकवू, परीक्षा कॉम्प्युटरवर घेऊ. जागेत नवीन लॅब होईल. नाहीतर या सहामाहीत तुम्ही मला दाखवा की त्या भट्टीवर असं काय शिकायला मिळतं, जे पोरांच्या खिशात नाही."

सरांची नोकरी दोन वर्षांची राहिलेली. ती कुठं जात नव्हती. जात होती ती ओतशाळा.

"मग काय करणार?" मी विचारलं.

"पोरांच्या हातातनं यंत्र काढून घ्यायचं नाही. ते मूर्खपणाचं होईल. घरी त्यांनी यंत्राला काय वाटेल ते विचारावं. पण परीक्षा कागदावर नाही. एकेकानं वाळूच्या ढिगापाशी उभं राहायचं, साचा घालायचा आणि समोरच्या माणसाला सांगायचं, असं का केलं, कशावरून केलं. आणि समोरचा माणूस असा पाहिजे, ज्याला इंग्रजी शब्द टाकून गप्प करता येणार नाही."

"असा माणूस कुठं मिळायचा?"

सर माझ्याकडं बघत राहिले. मला कळायला जरा वेळ लागला.

मी म्हटलं, "येतो. पैसे नकोत. पण खुर्ची पाहिजे, आणि ती सरांच्या खुर्चीएवढीच पाहिजे."

खुर्ची मिळाली, पण पोर्टल आडवं आलं. बाहेरच्या परीक्षकाची माहिती त्यात भरावी लागते. शिक्षणाच्या रकान्यात ते आपल्याला लिहू देत नाही, त्यानं दिलेल्यातलंच निवडायचं आणि त्याची सुरुवातच पदवीपासनं. चौथी त्याच्या हिशेबात जन्मलीच नाही. सर अर्धा दिवस त्या कॉम्प्युटरशी भांडले. शेवटी ऑफिसातल्या क्लार्कनं खाली जाऊन जाऊन एक शब्द शोधून काढला आणि ठोकून दिला, 'इतर'. तेव्हापासनं मी इतर आहे. गल्लीत पोरं मला 'इतर मिस्त्री' म्हणायला लागली होती, मी दोघांच्या पाठीत घातल्यावर थांबली.

परीक्षेआधी महिनाभर सरांनी पोरांना ओतशाळेत आणलं. मीही जायचो. वाळू बरोबर ओली आहे का हे बघायची आमची एक रीत आहे. मूठभर वाळू घ्यायची, घट्ट दाबायची, मूठ उघडायची. वाळूवर बोटांचे ठसे स्वच्छ उमटले पाहिजेत, हाताला चिकटता कामा नये आणि मुठीत झालेली वाळूची कांडी मधोमध मोडली की कड सरळ राहिली पाहिजे. जास्त ओली झाली तर रस ओतल्यावर वाफ कोंडते आणि मालात भोकं पडतात. पोरं पहिले दोन दिवस हात काळे होतात म्हणून रडली. तिसऱ्या दिवशी एकमेकांच्या तोंडाला वाळू फासायला लागली, तेव्हा मी सरांना म्हटलं, आता शिकतील.

त्यांच्यात एक पोरगी होती, तेजस्विनी. हुपरीची. तिच्या घरी चांदीच्या पैंजणांचं काम चालतं, त्यामुळं रस आणि साचा यांची तिला भीती नव्हती. मोबाईल घेऊन यायची, यंत्राला विचारायची, मग मला विचारायची, मग दोघांची उत्तरं जुळत नसली की सरांपुढं आम्हा दोघांना उभं करायची. मला ते बरं वाटायचं नाही. यंत्राच्या शेजारी उभं राहायला मी काय मिक्सर आहे?

परीक्षेचा दिवस उजाडला. प्राचार्य मॅडम आल्या, सोबत कॉलेजचे दोन मोठे लोक. वाळू मी स्वतः पहाटे भिजवून मळून ठेवलेली. भट्टीवर ॲल्युमिनियमचा रस तयार, एकेकानं त्याची चकती ओतायची. तेजस्विनीचा नंबर पहिला. तिनं मूठ केली, उघडली, मोडली. परत केली. मग खिशातनं ओलावा मोजायचं एक छोटं यंत्र काढून वाळूत खुपसलं आणि म्हणाली, "मामा, वाळू जास्त वली हाय."

"बरोबर हाय. साचा घाल."

"न्हाय मामा. जास्त हाय."

"पोरी, चाळीस वर्षं मी वाळू मळलीय."

"व्हय, पण आजची बरोबर हाय ते कशावरनं?"

मी सरांकडं बघितलं. सर छताकडं बघत होते. मी म्हटलं, "तुझ्या मनासारखी वाळू घे, तुझा साचा घाल. माझ्या वाळूत मी माझा घालतो. एकाच कढईतनं ओतू."

तिनं कोरडी वाळू मिसळून आपला साचा घातला. मी माझा घातला. रस ओतला. गार होईपर्यंत एकटे सर दोन्ही साच्यांभोवती फेऱ्या मारत होते. साचे फोडले. तिची चकती आरशासारखी निघाली. माझी अनारशासारखी. जाळीच जाळी.

प्राचार्य मॅडम पुढं झाल्या. दोन्ही चकत्या हातात घेऊन म्हणाल्या, "सर, इथं तर परीक्षकच चुकलेले दिसतात. मग परीक्षेचा काय उपयोग?"

सर म्हणाले, "मॅडम, मागं यंत्र चुकलं तेव्हा साठ जणांनी मान डोलावली. आज मिस्त्री चुकले, तर एकीनं तोंडावर सांगितलं आणि करून दाखवलं. तिनं यंत्र वापरलं, मूठही वापरली. याहून वेगळं मला काही शिकवता येत नाही."

मॅडम माझ्याकडं वळल्या. "मिस्त्री, तुम्हाला मान्य आहे? का रसातच काही दोष होता?"

आता बघा. वाट मोकळी होती. रसात वायू होता म्हटलं असतं, तर कोण विचारणार होतं? फौंड्रीत आम्ही दर वेळी रसावरच ढकलायचो. साठ पोरं बघत होती. माझ्या हातचा माल परत येत नाही, हे मी त्यातल्या प्रत्येकाला निदान दोनदा सांगितलेलं. पण मी तसं बोललो असतो, तर पोरगी खोटी पडली असती आणि तिच्याबरोबर ती ओतशाळा.

मी हात पुढं केला. म्हटलं, "मॅडम, या हाताला घट्टे पडलेत. ओल कळंना झालीया. वाळू वली होती. चूक माझी हाय."

सर आनंदानं ओरडलेच, "मिस्त्री चुकले," जणू घरात नातू झाला. काळ्या हातांनी त्यांनी मला मिठी मारली. माझा पांढरा शर्ट अजून पांढरा झालेला नाही.

ओतशाळा राहिली. एवढंच नाही, मॅडमनी बाकीच्या विभागांनाही सांगितलं, वर्षातनं एक परीक्षा अशी घ्या, जिथं पोरानं समोर उभं राहून सांगावं लागेल. कॉम्प्युटरच्या विभागाला म्हणे आता त्यांचा 'इतर' शोधायचा आहे.

साठ जणांच्या परीक्षेला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी शर्टाचं भांडण घेऊन सरांकडं गेलो. दार उघडंच होतं. सर टेबलाशी वही घेऊन पुटपुटत होते. मी मागनं वाकून बघितलं. साठ नावं लिहिलेली. प्रत्येकापुढं एकेक ओळ. 'इचलकरंजी, वडील यंत्रमागावर, डावखुरा.' 'हसताना तोंडावर हात धरते.' 'भट्टीला भितो, पण मागं सरत नाही.'

"हे काय, मार्क देतासा?"

"मार्क पोर्टलवर गेले." सरांनी वही मिटली नाही. म्हणाले, "पूर्वी पोरं वह्यांवर सही घ्यायला घरी यायची. आमच्या हिनं सगळ्यांना उप्पीट घालायचं. नावं तिच्या ध्यानात असायची, मला कधी पाठ करावी लागली नाहीत. ती गेली, पुढं पोर्टल आलं, सह्या बंद झाल्या. मागच्या दिवाळीत बाजारात एक पोरगा पाया पडला. मी विचारलं, कुठल्या कॉलेजात असतोस बाळ? तो म्हणाला, सर, तुमच्याच वर्गात. दोन वर्षं."

शर्टाचं राहून गेलं.

मी खुर्ची ओढली आणि वही त्यांच्या हातातनं माझ्याकडं घेतली. अक्षर लावून वाचायला मला वेळ लागतो, पण नावं वाचता येतात.

"म्हणा," मी म्हटलं. "पहिल्यापासनं."

सरांनी डोळे मिटले आणि हाताची घडी घातली, शाळेतल्या पोरासारखी. सातव्या नावाला अडखळले. मी सांगितलं नाही. म्हटलं, आठवा, घाई नाही.