मागे न जाणारी मोटार

"तळेगावला कशाला?" मेहमुदाने स्वयंपाकघरातून विचारले.

"छत्र्यांच्या मुठी आणायच्यात," नसीर मफलर गुंडाळत म्हणाला.

"डिसेंबरात?"

"आत्ता स्वस्त मिळतात."

पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज जरा मोठा आला. नसीर चपला पायात सरकवून बाहेर पडला.

लोणावळ्याच्या बाजारात नसीरचे छत्र्यांचे दुकान होते. वर्षातले चार महिने त्याला श्वास घ्यायला फुरसत नसे आणि उरलेले आठ महिने श्वास घेण्याखेरीज दुसरे काम नसे. त्या आठ महिन्यांत तो गल्ल्यामागे बसून मोबाइलवर जगभरच्या वस्तू पाही. घेत काहीच नसे. अशाच एका दुपारी त्याच्या बोटाखाली एक मोटार येऊन थांबली. सत्तरीला टेकलेली, आकाशी रंगाची, गोल दिव्यांची. एखाद्या लहान मुलीला कुणीतरी गोष्ट सांगायला घेतली आहे आणि ती डोळे मोठे करून ऐकते आहे, असा त्या मोटारीचा चेहरा होता. खाली लिहिले होते, 'चालू स्थितीत. प्रेमाने वापरलेली.'

नसीरने मोबाइल बाजूला ठेवला, पण मोटार जाईना. गिऱ्हाइकाला छत्री उघडून दाखवताना ती छत्रीच्या आत दिसे. रात्री डोळे मिटले की घाटाच्या वळणावरून सावकाश येई, आणि तिच्यात डावीकडे त्याची बायको मेहमुदा बसलेली असे. वाऱ्याने ओढणी उडते आहे आणि ती हसते आहे.

खरी मेहमुदा वर्षभरात घराबाहेर पडली नव्हती. गुडघ्यांचे ऑपरेशन झाले होते. डॉक्टर म्हणत होते चाला, हिंडा. पण रिक्षात चढताना पाय उचलावा लागे आणि एकदा पाय अर्ध्यावर अडकून ती भर बाजारात लटकून राहिली होती. लोक धावले, कुणी खालून ढकलले, कुणी वरून ओढले. तेव्हापासून तिचे जग दारापासून चुलीपर्यंत आणि चुलीपासून दारापर्यंत उरले होते. "कुठं जायचंय आता? बघितलंय की सगळं," असे ती म्हणे. ते ऐकले की नसीरला जेवण जात नसे. अखेर एके दिवशी त्याने मोबाइलवर बोट टेकवले आणि मोटार घेऊन टाकली. मेहमुदाला सांगायचे धाडस मात्र बोटात नव्हते.

तळेगावात एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये अमृत नावाचा तरुण वाट पाहत उभा होता. मोटार त्याच्या आजोबांची. आजोबा गेले, आणि सोसायटीचे लोक जागा रिकामी करा म्हणून मागे लागले होते. फोटोत मोटारीवर ऊन पडले होते. इथे तिच्यावर कुणाची तरी सतरंजी वाळत होती. तरी नसीरला ती फोटोपेक्षा सुंदर वाटली.

तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन सुरू झाले. म्हाताऱ्या माणसाने घसा खाकरावा आणि मग बोलायला लागल्यावर थांबूच नये, तसा तो आवाज होता.

"काका, एकच सांगायचं राहिलं," अमृत सतरंजीची घडी घालत म्हणाला. "ही मागं जात नाही."

"म्हणजे?"

"रिव्हर्स पडत नाही. पण तुम्हाला मागं कशाला जायचंय? लोणावळा तर पुढंच आहे."

नसीरला हे पटले. एवढ्या वयात मागे जाऊन करायचे तरी काय?

जुन्या हायवेला लागल्यावर त्याला जाणवले की आपण मोटार चालवत नाही, मोटार आपल्याला घेऊन चालली आहे. ट्रकवाले हॉर्न देत पुढे जात आणि जाता जाता मान वळवून पाहत. कामशेतच्या पुढे धुके उतरले होते. डोंगर होते तिथे नव्हते आणि नव्हते तिथे असल्यासारखे वाटत होते. नसीर शेजारच्या रिकाम्या सीटशी बोलू लागला. "काच वर करू का? थंडी वाजतेय?" सीटने काही उत्तर दिले नाही, म्हणजे वाजत नसावी.

पुढे एका टेम्पोचे लाल दिवे दिसत होते. त्यांच्या मागे मागे राहिले की झाले, असे ठरवून तो आणखी स्वप्नात शिरला. टेम्पो कार्ल्याजवळ कधी वळला ते कळले नाही. डांबर संपून चाकांखाली माती आली तेव्हा नसीर दचकला. दोन्ही बाजूंना भाताची कापलेली खाचरे होती, मधून बैलगाडीपुरती वाट, आणि टेम्पो दुधाचे कॅन उतरवायला एका गोठ्याच्या आवारात शिरला होता. मोटार वळवायला जागा नव्हती. सवयीने नसीरचा हात गिअरवर गेला आणि तिथेच थांबला. पुढेच जायचे होते.

वाट एका वाडीच्या खळ्यात जाऊन संपली. खळ्यात मांडव होता. मोटार धुक्यातून बाहेर आली, आणि मांडवातला सगळा कोलाहल एकदम थांबला.

गुलाबी फेटा बांधलेला एक गृहस्थ धावत आला. हे नवरीचे वडील, कान्हू. "आलात का! लय येळ केलात, भाऊ. नवरदेव कवाधरनं मारुतीच्या देवळात बसलाय."

"मी तो नाही," नसीर म्हणाला.

"मग कोन?"

"मी छत्रीवाला. लोणावळ्याचा."

कान्हूने वर आभाळाकडे पाहिले. "आज तर पावसाचं काय दिसत न्हाई."

नसीरने मग सगळे सांगितले. कान्हूनेही सगळे सांगितले. मुलीच्या लग्नासाठी त्याने सजवलेली गाडी ठरवली होती, तिचा ड्रायव्हर धुक्यात कुठल्या तरी भलत्याच वाडीत पोचला होता आणि तिथल्या लोकांनी त्याला जेवायला बसवले होते.

"तुमीच चला की, भाऊ. मुहूर्त टळतोय."

"अहो, पण ही मागं जात नाही."

"नवरदेवाला तरी आता मागं कुटं जायचंय?"

तेवढ्यात कान्हूची आई सावित्राबाई ओवाळणीचे ताट घेऊन आली. तिने मोटारीच्या कपाळाला कुंकू लावले आणि मग नसीरकडे बोट नेले. "नाव काय म्हनलास, बाबा?"

"नसीर."

म्हातारीचे बोट हवेत क्षणभर थांबले. तिने ते पदराला पुसले, ताटातला बुंदीचा लाडू उचलला आणि त्याच्या हातावर ठेवला. "मग तू हे घे. त्वांड गोड कर आन् चल."

लाडू हातात आल्यावर नाही कसे म्हणायचे?

खळ्याला वळसा घालून मोटार देवळापाशी आली, तिथे नवरदेव दत्ता डावीकडे येऊन बसला. मुंडावळ्यांआड त्याचा चेहरा खाचरातल्या धुक्यासारखा पांढरा झाला होता. बँड पुढे, मोटार मागे, अशी मिरवणूक निघाली. थोडे अंतर गेल्यावर दत्ता हळूच म्हणाला, "काका, तुमाला भ्या वाटलं व्हतं का लग्नात?"

"लग्नात नाही वाटलं," नसीर म्हणाला. "आत्ता वाटतंय."

कारण खिशातला मोबाइल वाजत होता. मेहमुदा.

"पोचलात का?"

"पोचलो."

"हे काय वाजतंय?"

"कारखाना आहे ना. मशीन."

"मशीनमधून सनई?"

"नवीन मशीन आहे."

नेमका त्याच वेळी बँडवाला ओरडला, "अहो, नवरदेवाची गाडी पुढं घ्या!"

मग मेहमुदा म्हणाली, "मुठी नीट बघून घ्या," आणि फोन बंद झाला. तिचा आवाज इतका मवाळ होता की त्या थंडीत नसीरला घाम फुटला.

मांडव हाकेवर आला आणि इंजिन बोलायचे थांबले. वऱ्हाडाला वाटले हा थाटच असेल. चारी बाजूंनी हात लागले, बँडने जोर धरला आणि मोटार अल्लद मांडवाच्या दारात जाऊन उभी राहिली. अक्षता पडल्या. नसीरला पहिल्या पंगतीला बसवले. तो जेवत असताना गावातल्या दोघातिघांनी बॉनेट उघडून आत काय काय केले ते त्याला कळले नाही, पण इंजिन पुन्हा बोलू लागले. आता मोटारीचे तोंड मांडवाकडे होते आणि वाट पाठीमागे. "उचला रं!" कान्हूने हाक दिली. झोपलेल्या मुलाला न उठवता अंथरुणासकट उचलावे, तशी त्या मंडळींनी मोटार उचलली, फिरवली आणि वाटेला लावली.

"भाऊ, एक काम व्हतं," कान्हू म्हणाला. नसीरला ते आधीच कळले होते. दत्ताचे घर तुंगार्लीच्या वरच्या अंगाला होते, वाटेवरच.

नवरी करिष्मा मागे बसून रडत होती. दत्ता तिच्या शेजारी तिच्याकडे न पाहता बसला होता. हायवेला लागेपर्यंत ती रडली. मग हुंदका आवरून म्हणाली, "काका, मी कदी गाडीत पुढं बसले न्हाई."

नसीरने मोटार कडेला घेतली. करिष्मा पुढे आली. काच खाली केल्यावर तिने तोंड बाहेर काढले, वाऱ्याने पदर फडफडला आणि बघता बघता ती हसू लागली. नसीर समोर पाहत राहिला. इतक्या दिवसांचे स्वप्न हुबेहूब शेजारी बसले होते. माणूस तेवढे दुसरे होते. तुंगार्लीला तळ्याच्या कडेने जाताना पाण्यावरून धुक्याचे पुंजके निघाले होते. करिष्मा म्हणाली, "सावकाश घ्या ना, काका." सावकाशच चालली होती, तरी नसीरने आणखी सावकाश घेतली. निरोप घेताना त्याने पोरीला सासरी पाठवणाऱ्या बापासारखा मफलर नाकापर्यंत ओढून घेतला.

बाजाराच्या कोपऱ्यावर इंजिनने कायमचे डोळे मिटले. त्याच्या घरासमोर राहणारा याह्याभाई बेकरीतून पाव घेऊन येत होता. त्याने आधी मोटारीवरच्या झेंडूच्या माळा पाहिल्या, मग कुंकू, मग नसीर.

"नसीरभाई, हे काय?"

"पलीकडच्या मैदानात लावायचीय. ढकल जरा."

मैदान नसीरच्या गल्लीच्या पलीकडे होते आणि गल्ली उताराची. याह्याभाईने हाक मारली, चारसहा जण आले. मोटार गल्लीत शिरली ती नवरीसारखी अंग चोरून. नसीरच्या दारासमोर आली आणि पुढचे चाक फुटक्या फरशीतून गटारात उतरले. मोटार बसली. पुढे जाईना, उतारावर मागे ओढवेना. उजवीकडचा दरवाजा याह्याभाईच्या भिंतीला चिकटलेला, त्यामुळे नसीरला उतरता येईना. डावीकडे त्याच्याच घराचा ओटा. तिकडचा दरवाजा उघडला, तो थेट घराच्या दारात.

दारात मेहमुदा उभी होती.

"हे काय आहे?"

"मोटार."

"ते दिसतंय. घरात का आणताय?"

"आणत नाही. बसलीय."

"मग मागं घ्या."

"मागं जात नाही."

"मुठी कुठंयत?"

नसीरने लग्नात मिळालेला नारळ आणि लाडवांची पुडी पुढे केली. मेहमुदाने ती घेतली, उघडून पाहिली. "हे त्या नवीन मशीनमधून निघालं वाटतं."

याह्याभाई मागून म्हणाला, "भाभी, नमाजनंतर पोरं गोळा करतो. उचलून काढू." आणि सगळे गेले.

आता मोटारीमुळे गल्ली बंद होती, घराचे दार बंद होते आणि दारात मेहमुदा उभी असल्याने नसीरही बंद होता. त्याने स्टिअरिंगवर हात ठेवले आणि खाली मान घालून सगळे सांगून टाकले. मोबाइलवरचा फोटो, रात्रीचे घाटातले वळण, डावीकडची सीट. रिक्षाचे मात्र तो बोलला नाही. मेहमुदाने सगळे ऐकले आणि आत निघून गेली. आत भांडी वाजली. नसीरने त्यांचा अर्थ लावायचा प्रयत्न केला, पण लागेना.

थोड्या वेळाने ती चहाचे दोन कप घेऊन आली. तिने हात लांब केला, पण कप स्टिअरिंगपर्यंत पोचेना. आणखी लांब केला, चहा हिंदकळला. मग ती ओट्याच्या कडेला टेकली. सीट ओट्याच्या बरोबरीने होती. टेकली ती थोडी सरकली, आणि कप नसीरच्या हातात देईपर्यंत ती मोटारीत बसली होती. पाय उचलावाच लागला नव्हता. तिने गुडघ्यांकडे पाहिले, मग सीटवर हात फिरवला.

"मऊ आहे," ती म्हणाली.

नसीरने चहाचा पहिला घोट घेतला.

चहा संपला तशी गल्लीच्या वरच्या तोंडातून धुके आत आले. आधी कोपऱ्यावरची पानटपरी गेली, मग विजेचा खांब, मग शेजारची घरे. समोरच्या काचेपलीकडे काहीच राहिले नाही, आणि काहीच राहिले नाही म्हणजे काहीही असू शकत होते.

"हे काय आलं?" मेहमुदाने विचारले.

नसीरने स्टिअरिंग थोडे वळवले. "वलवण."

"आणि आता?"

"तुंगार्ली. तळं डावीकडं ठेवलंय, तुला दिसावं म्हणून."

मेहमुदाने डावीकडे पाहिले. तिकडे दारातून दिसणारे घरातले कॅलेंडर होते. तिने डोळे मिटले आणि ओढणी डोक्यावर नीट घेतली. वारा असला म्हणजे घ्यावी लागते. "बरंच पाणी आहे की," ती म्हणाली.

नमाज संपवून याह्याभाई पोरे घेऊन आला. त्याने मागच्या काचेवर टकटक केली. "भाभी, उतरा जरा. गाडी काढतो. गल्लीतल्या लोकांना जायचंय."

मेहमुदाने डोळे उघडले नाहीत. नसीरच्या खांद्याला टेकलेले डोकेही तिने उचलले नाही.

"घाई असेल त्यांना पुढं जाऊ द्या," ती नसीरला म्हणाली. "तुम्ही सावकाश चालवा."