तीनशे फोनांत एक बयाबाई

किसनराव फोन उचलत नसत. यात उद्धटपणा नव्हता. तीस वर्षं कारखान्यात पत्र्याच्या प्रेसपाशी उभं राहून त्यांच्या कानांनी बारीक आवाज ऐकणं सोडून दिलं होतं. करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये फोनची नाजूक धून वाजली की त्यांना ती शेजारच्यांची वाटे, आणि शेजारच्यांचा फोन आपण का उचलायचा, असा त्यांचा सरळ विचार होता.

पत्नी बयाबाई घरी होत्या तोवर सगळं निभावलं. मग लेक मैत्री हिच्या बाळंतपणासाठी त्या खेडला गेल्या. दिवसा घरात एकटा माणूस, पडला-बिडला तर कळायचं कसं, या काळजीने त्या रोज चार वेळा फोन करत. तो कुणी उचलेना, की पाचवा फोन मुलाला, अंकुशला, महाप्याच्या ऑफिसात. मंगळवारी सकाळी त्यांनी निकाल लावला.

"आज सांजपर्यंत तुझ्या बापाने फोन उचलला नाय, तर उद्याची एसटी पकडून मी येते."

"आई, बाळ अठरा दिवसांचं आहे. ताई एकटी काय करेल?"

"ते तुझ्या बापाला विचार. फोन उचलला तर."

अंकुशची कंपनी वाशी मार्केटातल्या कांदा-बटाट्याच्या तीनशे व्यापाऱ्यांसाठी बाजारभावाचं ॲप चालवत असे. मालक दिनानाथ सर हौशी. त्यांच्या हुकमावरून अंकुशने ॲपला नवी करामत शिकवली होती: ॲपने स्वतःच फोनची रिंगटोन बदलून कंपनीची धून बसवायची. कुणी ती काढलीच, तर भाव बघायला ॲप उघडताच पुन्हा बसवायची. परवानगीचा प्रश्न व्यापाऱ्यांना विचारला गेला होता. त्यांनी तो न वाचता 'होय' दाबलं होतं. तेच ॲप टेस्टिंगसाठी किसनरावांच्या फोनवरही होतं.

बारीक धून ऐकू येत नाही, पण आईचा आवाज ऐकू न येणं बाबांना परवडणार नाही, हे अंकुशच्या लक्षात आलं. त्याने आईकडून आवाज मागवला. तिने लगेच पाठवला: "अवो, फोन वाजतोय. हातातलं खाली ठेवा नि उचला. मी परत सांगनार नाय."

ती फाइल पाठवायची होती एका फोनला. पण पाठवताना 'सर्वांसाठी' ही खूण आपोआप येई आणि ती काढावी लागे. तशी सोय खुद्द अंकुशनेच केलेली होती. नेमकं तेव्हा आई दुसऱ्या फोनवर, आवाज नीट आलाय ना, की पुन्हा बोलू, असं विचारत होती. खूण राहिली.

कांदा मार्केटात सकाळची गडबड चालू होती. गावोगावचे शेतकरी भाव विचारायला फोन करत होते. देवजीशेठच्या खिशातून आवाज आला, "अवो, फोन वाजतोय. हातातलं खाली ठेवा..." शेठनी हातातला चहा खाली ठेवला आणि मागे वळून पाहिलं. मागे कुणी बाई नव्हती. तेवढ्यात समोरच्या गाळ्यात तोच आवाज, मग शेजारच्या. पाठीवर गोणी घेतलेल्या भैरू माथाडीने सांगितल्याप्रमाणे गोणी वाटेतच खाली ठेवली. त्याच्यामागच्या चौघांनी ठेवली. मग मागची हातगाडी अडली, तिच्यामागचा टेम्पो अडला, आणि सगळी रांग थेट गेटपर्यंत गेली.

काही व्यापाऱ्यांनी रिंगटोन बदलली. भाव बघायला ॲप उघडलं, तशा बयाबाई परत आल्या.

अकरा वाजता दिनानाथ सरांनी अंकुशला केबिनमध्ये बोलावलं.

"ही बाई कोण आहे?"

"आई आहे, सर."

"कुणाची?"

"माझी."

"आईला बंद कर," सर म्हणाले. "आणि चल माझ्याबरोबर. मार खायचा तर दोघांनी खाऊ."

अंकुशने व्यापाऱ्यांची धून जागेवर आणली, बाबांचा फोन तेवढा वगळला. दोघे मार्केटात पोचले, तर देवजीशेठ आधीच वैतागलेले.

"बाई का काढली? अरे, ती तुमची टिंगटिंग वाजली तर आमी म्हणतो, वाजू दे. बाई बोलली की हात आपसूक खिशात. आज सकाळी एक फोन चुकला नाय माझा. फक्त ते 'खाली ठेवा' काढा बाबा, गोण्या उचलायला माणसं मिळत नायत."

दिनानाथ सरांनी लगेच मान डोलावली. जणू ही कल्पना पहिल्यापासून त्यांचीच होती.

अंकुशचा जीव मात्र तिकडे लागेना. चार वाजता आईचा फोन आला. "सकाळधरनं सात वेळा लावला. उचलला नाय. मी पिशवी भरते."

तो तसाच घरी गेला. किसनराव खुर्चीत बसले होते, फोन टेबलावर. अंकुशने दारातूनच त्यांना फोन लावला. बयाबाईंचा आवाज खणखणीत घुमला. किसनराव ताडकन उठले, हातातला पेपर खाली ठेवला आणि चालत स्वयंपाकघरात गेले. "काय गं?" त्यांनी विचारलं. ओट्यापाशी कुणी नव्हतं. थोडं थांबून, पाणी पिऊन ते परत आले.

"सकाळपासून हाच खेळ चाललाय," ते मुलाला म्हणाले. "ती हाक मारते, मी जातो, तर ती नाय. मग आठवतं, ती खेडला हाय. तोवर हाक बंद."

अंकुशला हसू आलं. त्याने बाल्कनीत जाऊन आईला सगळं सांगितलं. पलीकडे बाळ रडत होतं.

"सात वेळा उठले?"

"आठ. आत्ताची धरून."

"नि प्रत्येक वेळी किचनात गेले?"

"हो."

"डाक्टर चालायला सांगून थकला, तर ऐकत नव्हते." त्यांचा आवाज जरा ओला झाला होता. "असू दे. उचलू नका सांग त्यांना. उठतायत, येवढं कळलं ना, बास. मी हितंच राहते. तू दारात उभा राहून बघ, मी लावते आता."

आत फोन वाजला. किसनरावांनी पेपर खाली ठेवला आणि ते स्वयंपाकघराकडे निघाले.