जागतिक ताक दिन

सकाळी सहा वाजून चार मिनिटांनी पद्मनाभ हुद्दारांनी दिनविशेष वाचला आणि तरीही ते काही बोलले नाहीत, हे पाहून शरच्चंद्र बेहेऱ्यांनी फोन उशीवर आपटला.

"काय झालं हो?" संध्याबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"वाचलंय त्यानं! मेसेज इन्फोत त्याच्या नावापुढे निळ्या खुणा दिसताहेत. गांधीजी आफ्रिकेतून परत आले ते साल मी एकोणीसशे सोळा लिहिलंय. सोळा! शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की पंधरा. आणि हा पठ्ठ्या गप्प!"

"चुकलं असेल तर दुरुस्त करा की."

"चुकलं नाही. मी चुकवलंय. मुद्दाम."

संध्याबाई हातात गाळणं घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. "अहो, तुमचं वय किती? बहात्तर ना?"

"त्र्याहत्तर. निदान तू तरी आकडे नीट सांग."

'राजाजीनगर मराठी शेजार' या, कानडी शहरातल्या मराठी मंडळींच्या, व्हॉट्सॲप गटात दोनशे चाळीस माणसं होती आणि त्या सगळ्यांना बेहेरे रोज पहाटे सहाच्या ठोक्याला दिनविशेष पाठवत. आजच्या दिवशी कोण जन्मलं, कोण गेलं, काय घडलं, आणि शेवटी एक चमत्कारिक बातमी. परदेशात कुणीतरी उशीशी लग्न लावलं, असल्या थाटाची. सात वर्षांत त्यांचा खाडा झाला नव्हता. मोतीबिंदूच्या दिवशीही त्यांनी एक डोळा झाकून मजकूर टाकला होता.

या सातांपैकी पहिली पाच वर्षं सोन्याची होती. कारण सहाला मजकूर पडला की सहा-पाचला हुद्दारांची दुरुस्ती येई. "शरद, १८ नव्हे, १९ तारीख." "शरद, हे गृहस्थ तीनदा मेलेत का तुझ्या हिशेबानं?" हुद्दार सहाव्या क्रॉसवर, म्हणजे सहाव्या आडव्या गल्लीत राहत, बेहेरे आठव्या. दोघं एकाच सरकारी कारखान्यात एकाच वर्षी लागले आणि एकाच वर्षी निवृत्त झाले. दुरुस्ती आली की बेहेरे चडफडत, फोन करून भांडत, मग कोपऱ्यावरच्या हॉटेलात भेटून एका कॉफीची 'बाय टू', म्हणजे दोन पेल्यांत अर्धी-अर्धी, करून घेत आणि उरलेलं भांडण तिथे संपवत.

मग ती एकोणतीस फेब्रुवारी उजाडली. बेहेऱ्यांनी लिहिलं, अमुक एका शास्त्रज्ञाचा जन्म २९ फेब्रुवारी १९००. हुद्दारांनी भर गटात उत्तर टाकलं, "१९०० हे लीप वर्ष नव्हतं. हे गृहस्थ जन्मलेच नाहीत." खाली एकवीस जणांनी हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची चित्रं टाकली. हसणारे एकवीस नसते तर पुढचं काही घडलं नसतं. बेहेऱ्यांचं टाळकं सटकलं. "ज्याला एवढं कळतं त्याने स्वतःच लिहावं. आमच्या मजकुराला हात लावू नये," असं त्यांनी तितक्याच भर गटात ठोकून दिलं. हुद्दारांचं उत्तर आलं, "बरं."

त्या 'बरं'ला आता दोन वर्षं होत आली होती. बोलणं बंद. फिरायला जाण्याच्या वेळा वेगळ्या. कोपऱ्यावरच्या हॉटेलात बेहेरे सवयीने 'बाय टू' मागून बसत आणि दोन्ही पेले स्वतःच पीत. हुद्दार रोज सहा-चारला मजकूर वाचतात, एवढाच काय तो धागा उरला होता.

"सरळ फोन करा ना," संध्याबाई म्हणाल्या. "भावजींना म्हणावं, चुकलं माझं, या चहाला."

"मी का करू? बरं कोण म्हणालं? तो की मी?"

"मग बसा गांधीजींना वर्षभर बोटीवर ठेवून."

दुपारपर्यंत त्या मजकुराला एकेचाळीस नमस्कार आले. पुण्याहून नोकरीसाठी आलेला विराज नावाचा तरुण गटात नवीन होता. त्याने लिहिलं, "काका, सुपर इन्फो! आर्याला वाचून दाखवलं." आर्या त्याची चौथीतली मुलगी. बेहेऱ्यांना जरा अपराधी वाटलं, पण गळ एकदा टाकला की टाकला. मासा मोठा होता, आमिष मोठं हवं, एवढाच बोध त्यांनी घेतला.

अठ्ठावीस फेब्रुवारीला त्यांनी रामन परिणामाचा शोध १९२९ सालचा ठरवला. हुद्दारांनी वर्षानुवर्षं त्या दिवशी, विज्ञान दिनाला, कारखान्यात भाषण दिलेलं. १९२८ हे साल त्यांना स्वतःच्या लग्नाच्या सालापेक्षा पक्कं पाठ होतं. सहा-चारला निळ्या खुणा उमटल्या. बेहेरे फोन हातात धरून सव्वासातपर्यंत बसले. एकदा तर 'हुद्दार टाइप करत आहेत' असं वर दिसलंसुद्धा! बेहेऱ्यांनी फोन नाकाशी नेला. ते दिसणं थांबलं आणि पुढे काहीच आलं नाही. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

मग मात्र त्यांनी ताळतंत्र सोडलं. अकरा मार्चला त्यांनी थेट लिहिलं, 'आज जागतिक ताक दिन.' असला दिवस त्यांनी पहाटे दात घासताना जन्माला घातला होता. "आता तरी बोलेल," ते संध्याबाईंना म्हणाले. "एवढी थाप त्याला पचायचीच नाही. तो मनुष्य लग्नपत्रिकेतलंसुद्धा शुद्धलेखन तपासतो."

हुद्दार बोलले नाहीत. बोलले इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष नंदकिशोर. "बेहेरेसाहेब, कमाल! साजरा करू या आपण!" संध्याकाळपर्यंत यशवंतपूरच्या बाजारातून दोन मोठी पातेली भाड्याने आली, साठ लिटर ताक झालं, त्यात हिंग-कढीपत्ता पडला आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून पाजणं सुरू झालं. एक रिक्षावाला तीन पेले पिऊन "स्वल्प उप्पु कम्मी" म्हणाला, म्हणजे मीठ थोडं कमी आहे. बेहेऱ्यांना शाल घालून ताकाच्या जागतिक इतिहासावर बोलायला उभं केलं. ते वीस मिनिटं बोलले. काय बोलले ते त्यांना आजही आठवत नाही, पण त्यात ग्रीस होतं. बोलताना त्यांचे डोळे सहाव्या क्रॉसच्या दिशेने लागले होते. तिकडून कुणीही आलं नाही.

आणि तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण रविवारी मुलांचा मराठी वर्ग घेणाऱ्या शलाकाताईंना स्फुरण चढलं. त्यांनी एकोणीस एप्रिलला दिनविशेषावर प्रश्नमंजूषा जाहीर केली. बक्षिसाची दप्तरं चिकपेटच्या बाजारातून आली. राजाजीनगरातली पंचवीस पोरं चुकीची सालं घोकायला लागली.

"शोभतं का हे?" संध्याबाई कडाडल्या. "तुमच्या रुसव्यापायी पोरांच्या डोक्यात खोटं भरताय!"

"सांगतो. त्याच दिवशी सगळ्यांसमोर कबूल करतो. पण त्या आधी एकच. शेवटचं."

"आता काय?"

"एकोणीस एप्रिल," बेहेरे म्हणाले आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आर्यभट."

पंच्याहत्तर साली त्या दिवशी भारताचा पहिला उपग्रह वर गेला तेव्हा दोघंही कारखान्यात कोरे करकरीत होते. कँटीनच्या रेडिओवर बातमी ऐकून हुद्दारांनी पहिल्या पगारातून अख्ख्या कँटीनला म्हैसूरपाक वाटला होता आणि उरलेला महिना बेहेऱ्यांच्या डब्यावर काढला होता. मैत्री झाली ती त्या महिन्यात. एकोणीस तारखेच्या रविवारी पहाटे बेहेऱ्यांनी लिहिलं, 'आर्यभट, १९ एप्रिल १९७६.' लिहिताना बोट जड झालं. सहा-चारला निळ्या खुणा आल्या. बाकी काही आलं नाही. तेव्हा मात्र बेहेऱ्यांना वाटलं, संपलं. हे जर त्याला चालत असेल तर आपला पद्या आता राहिला नाही.

संध्याकाळी मंडळाच्या सभागृहात ते कबुलीजबाब घडी करून खिशात घालून बसले होते. मुलं ओळीने बसली होती. तेवढ्यात दारातून इस्त्रीचा पांढरा शर्ट आत आला. पद्मनाभ हुद्दार! ते मागच्या रांगेत बसले आणि बेहेऱ्यांकडे एकटक पाहत राहिले. बेहेऱ्यांनी खिशातला कागद चाचपला.

पहिला प्रश्न विचारण्याआधीच विराज उभा राहिला. "सॉरी हं, एक मिनिट. आर्याने शाळेच्या पेपरात रामन इफेक्टचं साल नाइन्टीन ट्वेंटीनाइन लिहिलं. मार्क गेला. मग मी सगळंच चेक केलं. गांधीजींचं साल राँग, आजचं आर्यभटचं राँग. आणि काका, जागतिक ताक दिन कुठेच नाहीये. अख्ख्या इंटरनेटवर नाहीये!"

सभागृहात कुजबुज उठली. जे चार-चार पेले ताक प्यायले होते त्यांना ते आत्ता बाधल्यासारखं झालं. नंदकिशोर घसा खाकरून म्हणाले, "बेहेरेसाहेब, वयोमानानं होतं असं. दिनविशेष आता तरुणांकडे सोपवू या का?"

बेहेरे उठले. खिशातला कागद काढायला गेले, तर तो अस्तरात अडकला आणि निघेचना. सगळे बघत राहिले. शेवटी ते कसेबसे आर्याकडे वळून म्हणाले, "बाळ, तुझा मार्क माझ्यामुळे गेला. मी..."

"बस रे शरद," मागून आवाज आला.

हुद्दार उभे होते. अख्ख्या मंडळात ज्यांच्या शब्दावर लोक घड्याळं लावत, ते हुद्दार.

"सालं चुकली, तो दोष माझा," ते म्हणाले. "याचा मजकूर तपासायचं काम माझं. पाच वर्षं केलं. दोन वर्षं केलं नाही. पोरीच्या शाळेत उद्या मी स्वतः जाऊन सांगतो. राहता राहिला ताक दिन. तो आहे."

"आहे?" विराज म्हणाला.

"आमच्या कारखान्यात दरवर्षी अकरा मार्चला व्हायचा. परिपत्रक क्रमांक दोनशे सात. खाली माझी सही."

"पण काका, जागतिक?"

"दोन जर्मन इंजिनियर होते. तेही प्यायले."

सभागृह निवलं. हुद्दार सांगतात म्हणजे झालंच. कुणीतरी टाळी वाजवली, विराजने "ओके, सॉरी काका" म्हणून फोन खिशात ठेवला, आणि शलाकाताईंनी नव्या प्रश्नांचा कागद काढायला धाव घेतली. बेहेरे मात्र जागच्या जागी थिजले होते. पन्नास वर्षांत त्यांनी पद्मनाभ हुद्दारांना खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. रजेच्या अर्जातसुद्धा हा मनुष्य 'कंटाळा आला' असं खरं कारण लिहीत असे. आणि आज दोन जर्मन!

बाहेर पायऱ्यांवर त्यांनी हुद्दारांना गाठलं. इतके दिवस साठवलेलं सगळं बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"पद्या, तू खोटं बोललास!"

हुद्दार थांबून वळले. त्यांनी बेहेऱ्यांचा हात हातात घेतला आणि लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश विचारलं, "शरद, मी कोण?"

"गाढव आहेस."

"बरोबर," हुद्दार सुटकेचा श्वास सोडत म्हणाले. "आणि मागच्या आठवड्यात काय जेवलास ते आठवतं?"

"हे काय चाललंय तुझं?"

हुद्दार पायरीवर बसले. "आमच्या थोरल्या भावाचं, अण्णाचं, असंच सुरू झालं होतं. आधी सालं गेली. मग माणसं गेली. तू जानेवारीत सोळा लिहिलंस तेव्हा म्हटलं, होतं एखादे वेळी. रामनचं साल चुकलं तेव्हा घाबरलो. लिहायला घेतलं, पण म्हटलं चारचौघांत परत दुखवायचं नाही त्याला, पुसून टाकलं. ताक दिन वाचला त्या रात्री झोपलो नाही रे. वहिनींना विचारायचा धीर होईना. आणि आज पहाटे..." त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "आज तू आर्यभट विसरलास. तेव्हा म्हटलं, जाऊ दे ते भांडण. आता कुणाशी भांडायचं?"

बेहेऱ्यांना काय करावं कळेना. मला सगळं आठवतंय, अख्ख्या कँटीनला वाटलेला म्हैसूरपाक आठवतोय, तू माझ्या डब्यातली शेवग्याची भाजी तेवढी बाजूला काढायचास तेही आठवतंय, आणि तुझी मला इतकी आठवण येत होती की मी गांधीजींनाही सोडलं नाही, हे सगळं सांगून टाकायला त्यांनी तोंड उघडलं.

"मंगळवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय," हुद्दार पुढे म्हणाले. "मी नेईन तुला. आणि मी विचारून ठेवलंय. ओळखीच्या माणसानं रोज तास-दोन तास बरोबर बसून जुन्या गोष्टी बोलायच्या, फिरवून आणायचं. तर उद्यापासून पहाटे साडेपाचला मी येणार. दिनविशेष दोघांनी मिळून लिहायचा. तू नाही म्हणालास तरी येणार, सरी? ठीक आहे?"

"रोज?" बेहेऱ्यांनी विचारलं.

"रोज. तू बरा होईपर्यंत."

बेहेऱ्यांनी उघडलेलं तोंड मिटलं. आतून पोरांच्या टाळ्यांचा आवाज आला. रस्त्यावर दिवे लागत होते. हुद्दारांनी त्यांच्या दंडाला धरून त्यांना एक एक पायरी जपून उतरवायला सुरुवात केली आणि बेहेऱ्यांनीही, गुडघे अगदी ठणठणीत असताना, त्यांच्या अंगावर जरा भार टाकला.

तिसऱ्या पायरीवर ते थांबले.

"पद्या," त्यांनी अगदी भाबडेपणाने विचारलं, "आज वार कुठला रे?"