बाबूअण्णांचं सलाड

टोमॅटो चिरायच्या आधी शिट्टी फुंकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे कानडी मुलखातल्या उणकलचे घरमालक, बाबूअण्णा.

शिट्टी तोंडाची नव्हे. खरी, पितळेची, काळ्या दोरीत ओवून गळ्यात अडकवलेली. अण्णा रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाले, गणवेश गेला, हिरवा बावटा गेला, शिट्टी मात्र राहिली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही नवराबायको त्यांच्या माडीवर भाड्यानं राहायला गेलो, तो नेमका एप्रिल महिना होता. पहिल्याच रविवारी दुपारी खालून कर्कश शिट्टी वाजली. मला वाटलं, चोर! मी धावत जिन्यात आले, तर खाली अण्णा हातात सुरी घेऊन उभे.

"पहिली शिट्टी झाली, टीचरबाई. दुसरीला ताटावर बसायचं. तिसरीला मी चिरणार. साहेब कुठायत?"

"अंघोळ करताहेत."

"साबणासकट या म्हणावं!"

मी शाळेत शिकवते म्हणून टीचरबाई, आणि आमचे हे कारकून असूनही साहेब. साहेब त्या दिवशी खरंच ओल्या डोक्यानं ताटावर बसले. कारण अण्णांचा कायदाच तसा होता. टोमॅटोवर मीठ पडलं की चार मिनिटांत खायचं. "पाचव्या मिनिटाला पाणी सुटतंय बघा. मग ते सलाड नव्हे, सार!"

सलाड हा त्यांचाच शब्द. पुढं एकदा माझ्या सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. त्या सहज म्हणाल्या, "कोशिंबीर छान झालीय, थोडं दाण्याचं कूट हवं होतं." अण्णांचा चेहरा गाडी रुळावरून घसरल्यासारखा झाला. कूट हा शब्द त्या घरात पुन्हा कुणी काढला नाही.

तसं ते कोशिंबिरीपेक्षा वेगळं होतंच. अंगावर खाचा असलेले लालबुंद गावरान टोमॅटो, जाड फोडी केलेले. त्यावर पांढराशुभ्र गोळा. अण्णा त्याला चीज म्हणत. म्हशीचं दही पंच्यात बांधून रात्रभर मोरीच्या नळाला टांगायचं, सकाळी त्या चक्क्यात घट्ट साय घालून फेटायचं. "खुर्चीवर बसल्यासारखं बसलं पाहिजे. आडवं झालं तर श्रीखंड, ताठ उभं राहिलं तर पनीर." वर भरडलेली मिरी, चार पानं पुदिना आणि घाण्याचं शेंगतेल. उन्हाळ्यात ते जिभेवर ठेवलं की डोळे आपोआप मिटत.

ही विद्या त्यांना मिळाली घाटात. एकदा सिग्नल मिळेना म्हणून पॅसेंजर गाडी दोन तास उभी होती. अण्णा डब्याडब्यांतून लोकांची समजूत घालत फिरत होते. एका डब्यात एक परदेशी म्हातारं जोडपं मांडीवर रुमाल पसरून टोमॅटो आणि पांढरं चीज खात बसलं होतं. त्यांनी अण्णांनाही एक फोड दिली. "सगळी गाडी मला शिव्या देत होती हो. आणि ती दोघं एकमेकांना भरवायलेत! मी म्हटलं, ह्यात काहीतरी आहे."

टोमॅटोची खरेदी म्हणजे वेगळाच सोहळा. उणकलच्या तळ्याकडच्या रस्त्यावर यल्लव्वा टोपली घेऊन बसायची. अण्णा एकेक टोमॅटो उचलत, देठाकडून हुंगत, डोळे मिटत, परत ठेवत. वीस टोमॅटोंतून चार पसंत. शेवटी यल्लव्वा ओरडायची, "हण्ण तगोरी अण्णा, मदवी माडकोब्याड्री!" म्हणजे, फळ घ्या हो, लग्न करू नका त्याच्याशी! अण्णा शांतपणे पाचवा हुंगत.

घरी आणलेले टोमॅटो ते फ्रिजमध्ये कधी ठेवत नसत. "त्यांना थंडी वाजतेय." खिडकीत, एका ओळीत, देठ खाली. रोज सकाळी जागा बदलायची.

अण्णा घरात एकटेच असत. त्यांच्या पत्नी सुशीलाक्का मुलाकडं बेंगळूरला होत्या. नात झाली तेव्हा सहा महिन्यांसाठी म्हणून गेल्या, त्याला चार वर्षं झाली होती. दर रविवारी संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. अण्णांची बाजू माडीपर्यंत ऐकू येई. "हां. बरं आहे. हां. पाऊस नाही. जेवलो की. ठेवू?" एवढंच. मुलगा, सून, अक्का, सगळे त्यांना बेंगळूरला बोलवत. अण्णांचं एकच उत्तर, "आयुष्यभर गाडी मी सोडली. आता पॅसेंजर होऊन बसू? जमणार नाही."

म्हणून मे महिन्यात अक्काच पंधरा दिवस यायच्या. एप्रिलभर आम्हांला जे सलाड मिळायचं ती सगळी रंगीत तालीम होती, हे मला पहिल्या मे महिन्यात कळलं. अक्का आल्या, चवीनं खाल्लं, आणि म्हणाल्या, "मीठ बेताचं आहे." बस्स. त्या एका वाक्यावर अण्णा दोन दिवस अंगणात ताठ मानेनं फिरत होते.

तिसऱ्या वर्षी अक्का आल्याच नाहीत. येण्याच्या चार दिवस आधी न्हाणीघरात पाय घसरून मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. मुलानं फोन करून सांगितलं, "आई तीन महिने उठणार नाही. अप्पा, आता तुम्हीच या."

"बघतो," अण्णा म्हणाले, आणि फोन ठेवला.

त्या रविवारी शिट्टी वाजली नाही. पुढच्याही नाही. मंगळवारी मी खाली डोकावले, तर खिडकीतले टोमॅटो पिकून मऊ पडलेले, एकावर चिलटं बसलेली. अण्णा समोर खुर्चीत.

"अण्णा, तुम्ही जायला पाहिजे," मी म्हटलं.

"टीचरबाई, गार्ड कधी पॅसेंजर..."

"पुरे झालं ते!" मला स्वतःच्याच आवाजाची भीती वाटली. वर्गातला आवाज होता. "अक्का तिकडं पलंगावर पडल्यात आणि तुम्ही इथं रुबाब सांगायलात?"

अण्णांनी उठून खिडकीतला चिलटं बसलेला टोमॅटो उचलून बाजूला ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "रुबाब नाही हो. भीती वाटतेय."

"कसली?"

"लग्न झाल्यापासून मला ड्यूटी. आज मिरज, उद्या लोंढा. घरी आलो की झोपायचं. निवृत्त झालो, तर हिला नातीनं नेलं. आम्ही दोघं पंधरा दिवसांच्यावर सलग एकत्र राहिलोच नाही कधी. पंधरा दिवस जमतंय मला. पहिले आठ दिवस गावातलं सांगायचं, मग सलाड करायचं, मग तिची बॅग भरायची. तीन महिने म्हणजे... सोळाव्या दिवशी काय बोलायचं असतंय, टीचरबाई?"

माझ्या लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि मी रोज अखंड बोलत होते. सोळावा दिवस कधी आला ते मला कळलंही नव्हतं. म्हटलं, "तुम्ही जा तर खरं. पुढचं अक्का बघतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी यल्लव्वाच्या टोपलीतून अण्णांनी टोमॅटो घेतले. ती पुढं आठवडाभर सांगत होती की अण्णांनी एकही हुंगला नाही, सरळ दोन किलो घेतले, काही झालं असेल का त्यांना? साहेबांनी तिकीट काढून आणलं. आम्ही स्टेशनवर पोचवायला गेलो. मांडीवर टोमॅटोची करंडी, पायाशी बर्फाच्या डब्यात चक्का. अण्णांनी तिकीट तीनदा खिशातून काढून पाहिलं. नव्यानं शाळेत घातलेल्या पोरासारखे ते खिडकीशी बसले होते. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात करायला घेतला, पण करंडी घसरली म्हणून तो अर्धवटच राहिला.

महिनाभर काही कळलं नाही. मग एका संध्याकाळी अक्कांचा फोन आला. आवाज टवटवीत होता.

"अक्का, पाय कसा आहे? आणि सलाड पोचलं का नीट?"

"कसलं पोचतंय ग! बर्फ वाटेतच वितळला. चक्का आंबटढाण. टोमॅटोचा लगदा झालेला. ह्यांनी तसंच ढवळून मीठ घातलं आणि चमच्यानं भरवलं मला. सुनेसमोर! मला लाज वाटली, पण बशी पुसून खाल्ली मी."

"आणि अण्णा? बोलतात का काही?"

"पहिले आठ दिवस यल्लव्वापासून तळ्यापर्यंत सगळं सांगून झालं. मग गप्प. आता सकाळी माझ्या पलंगाशी खुर्ची ओढून बसतात. मी शेंगा सोलते, तेही सोलतात. दुपारी मला झोप लागली तरी तिथंच असतात."

"परत कधी येणार म्हणतात? घर बंद आहे, झाडांना पाणी मी घालतेय, पण..."

"घाल बाई अजून थोडे दिवस," अक्का म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. पलीकडच्या खोलीत कुणी ऐकू नये असा.

"मी विचारतच नाही. विचारलं तर तिकीट काढतील."