मान्यताप्राप्त कान

ही गोष्ट कुणाला पटणार नाही, आणि याची मला सवय आहे. म्हणून कासारवाडीच्या सलूनात बाकावर बसल्या बसल्या मी आधीच जाहीर केलं, "जिथं खोटं वाटंल तिथं थांबवा. सगळ्यांना चहा माझ्याकडून."

थंडीचे दिवस होते. मी मफलर डोक्यावरून कानांना घट्ट गुंडाळला होता. खुर्चीत एक जण तोंडाला फेस लावून झोपला होता, त्याच्यानंतर माझा नंबर, माझ्यानंतर भिवाचा. न्हावी खंडू नवा होता, हिंगोलीकडून नुकताच आलेला. भिवा एका कंपनीत सुपरवायझर. त्याच्या लेकीनं, दिव्यानं, बारावीनंतर दृश्यकलेची पदवी करायची म्हणून घरात अन्न सोडलं होतं.

"चार वर्षं नुसती चित्रं काढायची, आबा," भिवा म्हणाला. "त्यात काय शिस्त असती व्हय? वरून म्हणं उघडी माणसं समोर बसवत्यात."

"मी बसलोय की."

खंडूचा वस्तरा हवेत थांबला.

"सदरा घालून," मी खुलासा केला आणि सुरुवात केली.

चाकण रस्त्याला एक विद्यापीठ आहे. त्याचे संस्थापक ज्योतीराम शेठ रबरी वायसर करत. वायसर पुष्कळ झाल्यावर त्यांनी पदव्या काढायला घेतल्या. कलेची एक शाखा असली की माहितीपत्रक रंगीत दिसतं, असं कुणीतरी सुचवलं. मग वायसर भरायची जुनी शेड रिकामी करून तिथं दृश्यकला विभाग स्थापन झाला. अधिष्ठाता म्हणून निरंजन साहेब आले. हयात कारखान्याच्या क्वालिटी विभागात गेलेली. चित्र कशाला म्हणतात ते त्यांना माहीत नव्हतं, पण चुकलेलं चित्र ते लांबून ओळखत.

आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात शेंबडं पोरही जाणतं, की आधी कागद मंजूर होतो आणि मग माल बनतो. माल कागदाशी जुळला नाही तर माल नापास ठरून लाल पिंजऱ्यात जातो. कागद लाल पिंजऱ्यात गेल्याचं अजून कुणी पाहिलेलं नाही. साहेबांनी हाच नियम चित्रकलेला लावला. व्यक्तिचित्राच्या वर्गाला समोर बसणारा म्हातारा हवा होता, तेव्हा मला नेमण्याआधी माझा चेहरा समितीपुढे ठेवायचा ठरला. समितीत वित्त अधिकारी, वसतिगृहाचे रेक्टर आणि शेठचे मेहुणे होते. त्या दिवशी मी नेमका भाच्याच्या लग्नाला गेलो होतो. समितीनं माझ्यावाचून काम अडू दिलं नाही. दोन्ही कान सारखे, मिशा एका रेषेत, मुद्रा समाधानी, असा एक चेहरा काढून घेऊन त्यांनी त्यावर गोल शिक्का मारला. तो मान्यताप्राप्त चेहरा चौकटीत घालून माझ्या खुर्चीमागं टांगला.

अडचण एवढीच, की माझ्या उजव्या कानाला पाळी नव्हती. ती बैलानं शिंगावर नेली होती.

शेवटच्या वर्षाला तनुजा नावाची पोरगी होती, लातूरकडची, संत तुकाराम नगरात भाड्याच्या खोलीत राहणारी. तिची आई शेठच्याच कारखान्यात वायसर निवडायला बसे. बापानं बजावलं होतं, "एका विषयात जरी उडालीस, तर दुसऱ्या दिवशी आईशेजारी बसायचं." पोरीचा हात असा, की तिनं काढलेलं माझं चित्र बघून आमच्या शालनबाईनं पदर सावरला आणि चित्रालाच विचारलं, "जेवायला कवा येताय?"

साहेबांनी मान्यताप्राप्त चेहऱ्याची पारदर्शक प्रत चित्रावर ठेवली.

"कान कमी आहे."

"सर, आबांचा तसाच आहे. बघा ना."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "यांना कुणी मंजूर केलंय?"

आता मार्ग तीन होते. मान्यताप्राप्त चेहरा बदलायचा तर समिती, विद्या परिषद, कुलपती आणि पुन्हा समिती. तोवर मी जिवंत राहण्याची हमी कुणी देईना. चित्र बदलायला तनुजा तयार नव्हती. "दिसतं ते काढा, असं पहिल्या वर्षी तुम्हीच फळ्यावर लिहिलं होतं, सर."

"तेव्हा अभ्यासक्रम जुना होता," साहेब म्हणाले.

उरलो मी.

पण कंपनीच्या रीतीप्रमाणं आधी मूळ कारण शोधावं लागतं. त्यासाठी पाच वेळा 'का' विचारायचं. बैठक भरली. कानाला पाळी का नाही? बैलानं नेली. बैल का उधळला? कुंपण पडलं होतं. कुंपण का पडलं? मोजणीवाल्यांची जीप घुसली. मोजणी का होती? आमच्या रानात वायसरचा कारखाना यायचा होता. पाचव्या 'का'ला साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि बैठक संपली. इतिवृत्तात नोंद झाली, 'मूळ कारण : कान.'

मी थांबून सलूनात सगळ्यांकडे पाहिलं. भिवानं मान डोलवली. "आमच्यातबी असंच असतंय," तो म्हणाला. "पुढं?"

पुढं शेठच्या कारखान्यातून माझ्यासाठी रबरी पाळी आली. ती काळी निघाली. कारखान्याला दुसरा रंग ठाऊक नव्हता. दोऱ्यानं ती कानाला बांधली. मिशांना गवंड्याची लेव्हल लावून डावी बाजू कातरली. मुद्रेतलं समाधान कमी भरलं, म्हणून मला समाधानी असल्याचं प्रमाणपत्र दिलं. तनुजानं परत चित्र काढलं. पोरगी खरी, तिनं काळी पाळीही काढली आणि दोराही काढला.

"दोरा मान्यताप्राप्त नाही," साहेब म्हणाले.

एवढ्यावर भागलं असतं. पण फाटकावर चेहरा ओळखून हजेरी लावणारं यंत्र बसवलं होतं. पाळी लागल्यापासून ते मला ओळखेना. मी रोज खुर्चीत बसे आणि रोज गैरहजर लागे. महिन्याच्या शेवटी कागदावरून सिद्ध झालं, की तनुजानं समोर नसलेल्या माणसाचं चित्र काढलं. म्हणजे मनानं काढलं. व्यक्तिचित्राच्या विषयात मनानं काढणं हा गैरप्रकार. तिला नोटीस निघाली.

"आबा, तुम्ही होता ना समोर?" पोरगी चौकशीच्या दाराबाहेर रडकुंडीला आली होती.

"व्हतो की गं. अजूनबी हाय."

मी आत जाऊन तेच सांगितलं. समितीनं माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि गैरहजर व्यक्तीची साक्ष ग्राह्य धरता येत नाही, असा शेरा मारला.

तोडगा वॉचमननं काढला. सकाळी त्यानं भिंतीवरची चौकट उतरवली आणि यंत्रापुढं धरली. यंत्रानं हिरवा दिवा लावला आणि माझं नाव घेऊन 'सुप्रभात, मारुतराव' म्हणालं. त्या दिवसापासून हजर असलेली चौकट खुर्चीत बसू लागली. मला, जुळत नसलेला माल म्हणून, गळ्यात लाल चिठ्ठी अडकवून शेडच्या टोकाला पिंजऱ्यात उभं केलं. जेवायची सुट्टी होती, तक्रार नाही.

वार्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. तनुजानं कुंचला उचलला. पिंजऱ्याकडं एकदा पाहिलं, माझ्याकडं. मला वाटलं, आता ही काढणार. मी मानही सरळ केली. तिनं मान वळवली, खुर्चीतल्या चौकटीवरून दोन अख्खे कान उतरवून घेतले, रेषेतल्या मिशा घेतल्या, समाधान घेतलं. परीक्षक कधी चौकटीकडं तर कधी कागदाकडं पाहत राहिले. "हुबेहूब!" ते म्हणाले. तनुजाला सुवर्णपदक मिळालं.

आता ती तिथंच शिकवते. चेहरे मंजूर करायच्या समितीवर आहे. परवा पिंपळे सौदागरला दुकानात भेटली. वाकून पाया पडली, शालनबाईची चौकशी केली. जाईपर्यंत एकदाही वर माझ्या तोंडाकडं बघितलं नाही.

फेसवाला केव्हाच जागा होऊन ऐकत बसला होता. खंडूनं त्याचं तोंड पुसून त्याला उठवलं आणि खुर्ची झटकली. मी बसलो. खंडूनं गळ्याभोवती कापड बांधलं, मफलर सोडवला, डोकं डावीकडं कलतं केलं आणि एकदम उजवा कान चिमटीत धरून ओरडला,

"ओ आबा! पाळी तर जागच्या जागी हाय की! धडधडीत खोटं बोलता व्हय?"

सगळे हसले. मी चहाची ऑर्डर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात भिवा बाकावरून पुढं सरकला.

"कानाचं खोटं असू द्या, आबा," तो म्हणाला. "पण कॉलेज शिस्तीचं दिसतंय. फॉर्म कधी सुटतात?"