न केलेली सही

मालकांनी कागद पुढे केला तेव्हा बारीकरावांच्या हातात वस्तरा होता आणि वस्तऱ्याखाली वकिलांचा गळा होता. अशा वेळी माणसाने वाचत बसू नये एवढं बारीकरावांना कळत होतं. म्हणून त्यांनी मान न वळवता विचारलं, "काय आहे, मालक?"

"काही नाही रे. जावई म्हणाला, हल्ली असं लिहून घेतात. तू इथलं काम सोडलंस, तर तीन वर्षं या भागात स्वतःचं दुकान टाकायचं नाही आणि दुसऱ्याच्या दुकानात कात्री धरायची नाही. सवडीने कर सही."

"पण मी कुठं चाललोय सोडून?"

"तेच मी म्हटलं त्याला," मालक ओशाळं हसले आणि आपल्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाकडे वळले.

बारीकरावांचं खरं नाव गिऱ्हाइकं कधीच विसरली होती. खुर्चीत कोणीही बसलं, मग त्याच्या डोक्यावर जेमतेम चार केस का असेनात, की ते "बारीक करू?" असं विचारत, म्हणून बारीकराव. मिसरूड फुटायच्या वयात ते या दुकानात आले आणि मालकांच्या हाताखाली शिकले. दोन खुर्च्या, एक लांबलचक आरसा आणि आरशातून एकमेकांशी चालणाऱ्या गप्पा, यातच त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. खरं सांगायचं तर कागद येईपर्यंत स्वतःच्या दुकानाचा विचार त्यांच्या डोक्याला शिवलासुद्धा नव्हता. पण माणसाचं मन मोठं वाह्यात असतं. एका खोलीत जाऊ नको म्हटलं की घरातल्या बाकीच्या खोल्या त्याला दिसेनाशा होतात.

तोंडावरचा फेस पुसून झाल्यावर वकिलांनी हळूच सल्ला दिला, "सही करू नका."

"का हो?"

"केलीत तर बांधले जाल. नाही केलीत तर मोकळे. कल्ले जरा वर घ्या."

इथवर ठीक होतं. पण बारीकरावांना एक खोड होती. मनातली गोष्ट ते समोरच्या डोक्याशी बोलल्याशिवाय राहत नसत. मुलीचं लग्न, पाठीचं दुखणं, गळकं छप्पर, सगळे प्रश्न त्यांनी असेच गिऱ्हाइकांच्या टाळूवर सोडवले होते. तसा हा कागदही खुर्चीत बसेल त्याला दाखवणं सुरू झालं. गिऱ्हाइकाचा चष्मा काढून ठेवलेला, हात कापडाखाली, मान खाली दाबलेली. कागदातलं अक्षरही न वाचता जो तो ठाम सल्ला देऊ लागला.

"सही करून टाका," निवृत्त मास्तर म्हणाले. "ज्याचं खाल्लं त्याच्याशी इमान राखावं."

"छे! दुकान टाका," औषधवाला म्हणाला. "पहिलं डोकं माझं!"

हे सगळं कुजबुजत चाले, पण मालकांची खुर्ची हातभर अंतरावर होती. ते ऐकत नसल्यासारखं दाखवत. त्या दिवसांत त्यांची कात्री केसांवर कमी आणि हवेतच जास्त चालत होती.

आठवडाभरात बारीकराव दुकान टाकणार, ही बातमी बारीकराव सोडून सगळ्यांना पक्की ठाऊक झाली. घरी गेले तर बायको कमरेवर हात ठेवून उभी.

"अहो, औषधवाल्याच्या बायकोकडून कळावं होय मला?"

"काय कळलं?"

"तुम्ही दुकान टाकताय ते!"

"मी कुठं म्हटलं तसं?"

"मग सही का नाही केली?"

या प्रश्नावर बारीकरावांनी डोकं खाजवलं. समोर दुसऱ्या कोणाचं डोकं नव्हतं, त्यामुळे उत्तर सुचेना. बायकोने ते मौन होकारात जमा केलं आणि पुढची खोली रिकामी करून टाकली. तिच्या भावाने, बहिणीचं भलं होतंय म्हणून, कुठूनसा भिंतभर आरसा पाठवला. चार माणसांनी तो तिरपा करून, उभा करून, देवाचं नाव घेत कसाबसा आत घेतला. परत न्यायचं म्हटलं तर तो दारातून निघेना. आता घरात एवढा मोठा आरसा आहे म्हटल्यावर त्याच्यापुढे खुर्ची हवी, म्हणून खुर्ची आली. खुर्ची आली म्हणून रंगारी आपणहून आला आणि पाटीवर काय लिहू म्हणून विचारू लागला.

इकडे मालकांच्या जावयाच्या कानावर गेलं. तो तडक दुकानात आला.

"सही करायला एवढे दिवस लागतात? म्हणजे तुमच्या मनात पहिल्यापासून काळंबेरं होतं."

"मनात काही नव्हतं हो साहेब. तुम्हीच आणून घातलंत," बारीकराव कळवळून म्हणाले.

"ते मला माहीत नाही. सही करा, नाहीतर नाही म्हणा."

बारीकरावांनी मालकांकडे पाहिलं. मालक फणी पुसत म्हणाले, "तुझं तू ठरव बाबा." ते रागावले असते तर बारीकरावांनी पाय धरले असते. पण त्यांनी पुसलेलीच फणी पुन्हा पुसायला घेतली. बारीकरावांच्या डोळ्यांपुढे वकील आले, औषधवाला आला, तो न निघणारा आरसाही आला आणि तोंडातून निघून गेलं, "नाही करत." मग नाही म्हटल्यावर तिथे उभं तरी कसं राहायचं, म्हणून त्यांनी आपली कात्री फडक्यात गुंडाळली आणि ते बाहेर पडले.

दोन गल्ल्या पलीकडे, घराच्या पुढच्या खोलीत, नवं दुकान उघडलं. पहिल्या दिवशी मेव्हण्याने केस कापून घेतले, तेही फुकट. दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी रस्त्यातून जाणाऱ्या औषधवाल्याला बारीकरावांनी हाक मारली. त्याचे केस नुकतेच कापलेले होते.

"काय शेठ, पहिलं डोकं तुमचं होतं ना?"

"होतं हो," तो अवघडून म्हणाला. "पण तुमच्याकडे आलो तर मालकांना वाईट वाटणार. त्यांच्याकडे गेलो तर तुम्हाला. म्हणून मग चौकातल्या त्या काचेच्या मोठ्या दुकानात गेलो. कोणाचंच मन मोडायला नको."

वकिलांनी तेच केलं होतं. मास्तरांनीही. दोघांचं मन राखायला सगळं गाव तिसऱ्याकडे जात होतं आणि बारीकराव आपल्याच आरशात आपलंच तोंड बघत बसले होते.

त्यात एक नवीच अडचण उपटली. न्हाव्याला स्वतःचे केस कापता येत नाहीत. इतकी वर्षं दुपारच्या सामसुमीत मालक बारीकरावांचे केस कापत आणि बारीकराव मालकांचे. दुसऱ्या कोणाच्या खुर्चीत बसायचं तर आपल्या कलेचा अपमान, आणि मालकांकडे जायला तोंड नाही. केस कानांवरून मानेवर आणि मानेवरून कॉलरवर उतरले. एकदा एक परगावचा माणूस चुकून दारात आला, बारीकरावांना आपादमस्तक न्याहाळून म्हणाला, "कारागीर कधी येतील?" आणि उत्तराची वाट न बघता निघून गेला.

"बघा जरा आरशात," बायको म्हणाली. "दुकानात दुसरं आहे काय? जा मालकांकडे. चार शब्द बोलून घेतील, घेऊ देत. केस कापून या आणि जमलं तर माफीही मागून या."

बारीकरावांना हेच कोणीतरी सांगायला हवं होतं. वाटेत त्यांनी मनाशी पक्कं केलं, कागद मागायचा, वर मान न करता सही करायची आणि आपल्या जुन्या खुर्चीमागे उभं राहायचं. दुकान टाकल्यापासून त्या गल्लीत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. आज टाकलं, आणि ते जागीच थबकले. जुन्या लाकडी दाराच्या जागी काच होती. काचेवर चौकातल्या त्या मोठ्या दुकानाचंच नाव होतं आणि आत काळे कपडे घातलेली दोन पोरं मोबाइल बघत बसली होती.

ते मालकांच्या घरी गेले. दार मालकांनीच उघडलं. त्यांचे केस बारीकरावांपेक्षाही वाढले होते. दोघांनी आधी एकमेकांच्या डोक्यांकडे पाहिलं.

"मालक, मी सही करायला आलोय."

"कशावर?" मालक हसले. "दुकान दिलं मी. एकट्याला झेपेना, आणि गिऱ्हाइकंही तुटली. जावयाने सौदा जमवून दिला. सही मी केली."

"तुम्ही?"

"घेणाऱ्यांनी लिहून घेतलं. तीन वर्षं या भागात कोणाच्या केसाला कात्री लावायची नाही. पैसे घेऊनही नाही आणि फुकटही नाही. जावयाने मजकूरही तुझ्याच कागदावरून उतरवून दिला."

"अहो, पण वकिलांना तरी विचारायचं!"

"कुठं विचारू? खुर्चीत कोणी बसतच नव्हतं."

बारीकरावांना लाज वाटत होती, आणि ती नुसती मान खाली घालून भागण्यासारखी नव्हती.

"तू सही करणार नाहीस हे मला माहीत होतं रे," मालक म्हणाले. "मीही केली नसती. पण मला आपलं वाटलं होतं, तू म्हणशील, सही करत नाही आणि जातही नाही."

इतक्या डोक्यांना विचारलं, पण हे एवढं साधं वाक्य एकाही डोक्यातून निघालं नव्हतं. बारीकरावांच्या स्वतःच्या डोक्यातूनही नाही. त्यांना भडभडून आलं. मग त्यांनी स्वयंपाकघरातून एक खुर्ची ओढून आणली, मालकांच्या गळ्याभोवती जुनी चादर गुंडाळली आणि खिशातली कात्री काढली. त्यांनी इतक्या सावकाश, इतक्या निगुतीने केस कधी कोणाचे कापले नव्हते. अधूनमधून मालकांचा हात सवयीने चादरीतून बाहेर येई, बारीकरावांच्या कानावरची बट चिमटीत धरी आणि पुन्हा मुकाट्याने आत जाई.

बारीकराव घरी परतले तेव्हा बायको दारातच उभी होती. तिने त्यांच्या डोक्याकडे पाहिलं.

"हे काय, तसेच आलात? मालक घरी नव्हते?"

"होते," बारीकराव चपला काढत म्हणाले. "आता तीन वर्षं घरीच आहेत."